पॉझिटिव्ह आलं म्हणून पिशवी काढायची नसते

पत्र :

"डॉक्टरताई, माझं वय ३७. कळंब तालुक्यातल्या एका गावात राहते, दहावी झालेली आहे. तीन लेकरं, थोरली मुलगी तेरा वर्षांची. दिवाळीच्या आगंमागं आम्ही दोघं कोयत्यावर, ऊसतोडीला, जातो. श्रावणात गावात बायांच्या तपासणीचं शिबिर होतं. अंगावरून पांढरं जातं म्हणून मीही तपासून घेतलं. रिपोर्टवर 'एचपीव्ही हाय रिस्क डिटेक्टेड' असं आलंय. तालुक्याला एका डॉक्टरला दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, पिशवीला सूज आहे, वर हा व्हायरस, पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. ३५ हजार सांगितले. मुकादम म्हणतो, उचलीत देतो. मोबाईलवर बघितलं तर हे संबंधातून होतं असं लिहिलेलं. नवऱ्याला अजून काही बोलले नाही. तो म्हणेल तू कुठून आणलं, आणि माझ्या मनात येतं की त्यानंच आणलं. पिशवी काढू का? आणि शाळेत पोरीला याच रोगाचं इंजेक्शन घ्या म्हणतात. माझी जाऊ म्हणते, त्यानं पोरी वांझ होतात."

ताई, पिशवी काढू नका. निदान या कागदाच्या जिवावर तर नाहीच. मुकादमाला सांगा, उचल दरवर्षीइतकीच, दवाखान्याची नको. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या हातात आहे तो कॅन्सरचा रिपोर्ट नाही. पिशवीच्या तोंडाशी, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाशी, एचपीव्ही हा विषाणू सापडला, एवढंच त्यात लिहिलंय. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींनी हातापायाला चामखीळ येते. सहा आणि अकरा नंबरच्या प्रकारांनी बाई-पुरुष दोघांच्याही नाजूक जागी कोंब येतात. ते दिसायला भयंकर, पण त्यांचा कॅन्सर होत नाही. चौदाएक प्रकार मात्र असे आहेत की ते वर्षानुवर्षं अंगात मुक्काम करून राहिले तर कॅन्सर करू शकतात. त्यांना 'हाय रिस्क' म्हणतात. त्यातले १६ आणि १८ हे दोघे सगळ्यांत दांडगे. पिशवीच्या तोंडाच्या शंभर कॅन्सरमागं साधारण सत्तर या दोघांमुळे होतात. जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत १९८३ साली १६ नंबर आणि पुढच्या वर्षी १८ नंबर सापडला. तोवर जगभरचे डॉक्टर भलत्याच विषाणूवर, हर्पीसवर, संशय घेऊन बसले होते. त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

सगळी गोम त्या मुक्कामात आहे. लागण झालेल्या दहातल्या नऊ जणींच्या अंगातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. त्याला औषध लागत नाही, आणि खरं सांगायचं तर या विषाणूला मारणारं औषधही नाही. एखादीच्या अंगात तो ठाण मांडतो, पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडवतो, आणि त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला बहुतेकींना दहा ते वीस वर्षं लागतात. म्हणजे वेळ आहे. पण तो वेळ पुढची तपासणी करून घ्यायला आहे, रिपोर्ट दडवून बसायला नाही.

हे काही परदेशातलं ऐकीव सांगत नाहीये. १९९९ साली तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, या आजारावरचं जगातलं एक मोठं काम सुरू झालं. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्हीची तपासणी, काहींत पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन तपासणं), काहींत व्हिनेगरचं पाणी लावून डोळ्यांनी बघणं, आणि चौथ्या भागात नेहमीचीच सरकारी सेवा. एचपीव्हीच्या तपासणीत शंभरात साधारण दहा बायका पॉझिटिव्ह निघाल्या. म्हणजे तुमच्यासारख्या हजारो. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं, आणि पाठोपाठ केलेल्या उपचारानं, या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही तपासणीत ज्या बायका निगेटिव्ह आल्या त्यांच्यात या कॅन्सरनं एकही मृत्यू झाला नाही. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या तपासणीचं धोरण ठरवताना त्यांचा आधार घेतला गेला. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी का दिली नाही यावर पुढे टीका झाली, आणि ती रास्त होती. तुमच्या सासूबाईंच्या वयाची एखादी बाई त्या कामात नक्की सापडेल; विचारून बघा, कुणीतरी सांगेल, "हाव, आमच्या गावात गाडी यायची."

आता पिशवीकडे येऊ. माझा राग इथंच आहे.

सोनोग्राफीत पिशवीचा आकार दिसतो, गाठी दिसतात, अंडाशय दिसतं. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडल्यात की नाहीत हे सोनोग्राफीत दिसत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर 'बल्की युटेरस' असं छापून येतं. तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जरा मोठी असणारच! त्याला 'सूज' म्हणायचं, आणि सूज म्हटलं की बाईच्या डोळ्यांसमोर कॅन्सर उभा करायचा, हा धंदा मी नोकरीतली सगळी वर्षं बघत आले. अंगावरून पांढरं जाणंही या विषाणूमुळे नसतं. एचपीव्ही मुळात गुपचूप असतो. दुखत नाही, खाजत नाही, पाणी जात नाही. पांढरं जाण्याची कारणं बहुतेक वेळा दुसऱ्या जंतूंची, बुरशीची असतात. त्यावर साध्या गोळ्या आहेत, काही वेळा नवऱ्यालाही सोबत घ्याव्या लागतात. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीचा कपडा धुवायला जागा नाही, तिथं हा त्रास घरोघरच्या बायकांना आहे. त्याचा इलाज ऑपरेशन थिएटरात नाही.

समजा पिशवी काढलीच, तर विषाणू गेला का? तोही नाही. तो मायांगाच्या भिंतीत राहू शकतो, म्हणून पेशींच्या बिघाडासाठी पिशवी काढलेल्या बाईलाही पुढं तपासण्या कराव्याच लागतात. आणि याहून वाईट एक शक्यता आहे, ती कुणी तुम्हाला सांगितली नसणार. समजा तोंडाशी कॅन्सर खरंच सुरू झालेला आहे आणि तो कुणी पाहिलाच नाही. अशा वेळी साधं पिशवीचं ऑपरेशन केलं तर ते अपुरं ठरतं. कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भाग आणि गाठी घेऊन केलेलं, किंवा मग किरणोपचार. तुकडा न तपासता घाईनं पिशवी काढली की पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. म्हणजे तुमच्या अंगात काही नसेल तर ऑपरेशन फुकट, आणि काही असेल तर चुकीचं. दोन्हीकडून तोटा तुमचाच.

त्यात वयाचा हिशेब धरा. सदतिसाव्या वर्षी पिशवीबरोबर अंडाशयं काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास लगेच सुरू होतात. अंगातून वाफा, झोप उडणं, पुढं हाडं ठिसूळ. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं वेळेआधी थकू शकतात. आणि तुमचं काम तर कमरेचंच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं आहे तुम्हाला. मला ठाऊक आहे, मुकादमाला आणि कधी कधी बाईलाही पिशवी नसणं सोयीचं वाटतं. पाळी नाही, खाडा नाही, खाड्याचा दंड नाही. बीड जिल्ह्यातली ही गोष्ट २०१९ मध्ये देशभर गाजली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी करून घेतली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीजणींना 'कॅन्सर होईल' एवढंच सांगितलं असेल! उचलीतून ऑपरेशन म्हणजे आधी अंगाला कापा आणि मग ती फेड पुढच्या दोन हंगामांत घामानं करा.

तुरीच्या शेंगेत अळी दिसली म्हणून कुणी उभं रान नांगरत नाही. आधी चार शेंगा फोडून बघतो. तुमच्या बाबतीत ते फोडून बघणं म्हणजे कोल्पोस्कोपी.

तिला घाबरू नका. नेहमीच्या तपासणीसारखंच टेबलावर निजायचं. एक चमच्यासारखं उपकरण आत घालून पिशवीचं तोंड समोर आणतात आणि बाहेर ठेवलेल्या दुर्बिणीतून ते मोठं करून बघतात. दुर्बीण आत जात नाही. तोंडावर व्हिनेगरचं पातळ पाणी लावतात, जरा चुरचुरतं. मिनिटभर थांबलं की बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी दिसायला लागते. मग आयोडीनचं तपकिरी औषध लावतात. चांगली जागा गडद होते, बिघडलेली पिवळट राहते. तशी जागा दिसली तर तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, चिमटा काढल्यासारखं होतं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. भूल नाही, भरती नाही. तुकडा घेतला तर दोन-चार दिवस थोडं रक्त किंवा तपकिरी पाणी जाईल, घाबरायचं कारण नाही. पाळी चालू असताना जाऊ नका, आणि आदल्या दोन दिवसांत संबंध आणि आत घालायची औषधं टाळा.

जाण्याआधी तुमच्या रिपोर्टमध्ये प्रकाराचा नंबर दिलाय का ते बघा. काही रिपोर्टवर १६, १८ आणि 'इतर' असे वेगळे रकाने असतात. १६ किंवा १८ समोर 'डिटेक्टेड' असेल तर थेट कोल्पोस्कोपी. 'इतर' असेल तर काही ठिकाणी आधी व्हिनेगरची किंवा पॅपची तपासणी करतात, आणि ती साफ आली तर वर्षानं पुन्हा बोलावतात. दोन्ही रीती बरोबर आहेत.

तुकड्याच्या रिपोर्टवर 'सीआयएन' असं लिहून पुढं एक, दोन किंवा तीन आकडा येतो. एक म्हणजे वरवरचा बिघाड, बहुतेक वेळा आपोआप सुधारतो, फक्त लक्ष ठेवायचं. दोन आणि तीन म्हणजे उपचार करायचे, पण तोही कॅन्सर नव्हेच. तोंडावरचा तेवढाच खराब थर गरम उपकरणानं जाळतात, किंवा गोठवतात, किंवा विजेच्या तारेच्या कडीनं कापून काढतात, ज्याला 'लीप' म्हणतात. पिशवी जागेवर राहते, बहुतेक बायका त्याच दिवशी घरी जातात. नंतर महिनाभर संबंध नाही आणि जड उचलायचं नाही. म्हणून म्हणते, टोळी निघायच्या आधी उरका. एकदा फडावर गेलात की मुकादम चार आठवडे मोळी उचलू नका म्हणणार नाही, आणि तुम्हीही ऐकणार नाही. वर्षानं पुन्हा एचपीव्ही तपासणी, तेवढी चुकवायची नाही.

जायचं कुठं? धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ आणि लातूरचं शासकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. बार्शीचं ते नर्गिस दत्तही जवळच. तुकड्यात खरंच काही निघालं तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. पण एसटीत बसण्याआधी आशाताईंना फोन करून विचारायला लावा की कोल्पोस्कोपी कोणत्या वारी होते. वार चुकला की बाई हेलपाट्याला कंटाळते आणि पुन्हा जात नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला पेशंटचा नाही, वाराचा राग येतो.

तिथं असतानाच एचआयव्हीची तपासणी करून घ्या. संशय म्हणून सांगत नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला या कॅन्सरचा धोका सहापट असतो, त्यामुळे पुढची तपासणी किती लवकर करायची हे त्यावर ठरतं. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि निकाल कुणाला सांगत नाहीत. तंबाखू किंवा मिश्री लावत असाल तर ती या आजारालाही खतपाणी घालते, एवढं सांगून पुढं जाते. सवय सोडा म्हणणं किती सोपं आहे ते मला कळतं.

आता नवऱ्याचं. तुम्हाला खोटं सांगून बरं वाटावं असं मी करणार नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून जातो, कातडीला कातडी लागून. भांड्यातून, टॉवेलातून, एका हौदाच्या पाण्यातून तो येत नाही. सासूबाईंनी ताट वेगळं केलं तर त्यांना हे सांगा. पण तो कुणी आणला आणि कधी, हे जगातला कुठलाही रिपोर्ट सांगू शकत नाही. तो अंगात वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो आणि एखाद्या तपासणीत दिसतो. आज सापडलेला विषाणू काल आला असेल किंवा लग्नाच्या पहिल्या वर्षी आला असेल. लग्नाआधीचा असेल, आणि दोघांपैकी कुणाचाही. संबंध आलेल्या बहुतेक बाया-माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही लागतोच, आणि त्यातल्या बऱ्याचजणांना तो कळतही नाही. एकाच माणसाशी आयुष्यभर संसार केलेल्या बायकांनाही मी पॉझिटिव्ह आलेलं पाहिलंय. त्यामुळे या कागदावरून त्याला आरोपी करू नका आणि स्वतःलाही करून घेऊ नका. त्याच्याबद्दल दुसरा काही संशय असेल, दुसरं काही दिसलं असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच विचारायला हवा. या रिपोर्टच्या खुंटीला तो टांगू नका.

त्याला तपासायला नेऊ का, असंही तुमच्या मनात येईल. पुरुषांसाठी या विषाणूची रोजच्या वापरातली तपासणीच नाही. मात्र त्याच्या लिंगावर कोंब, न भरणारी जखम, पांढरट चट्टा असं काही असेल तर त्वचा आणि गुप्तरोग विभागात दाखवायलाच हवं. लिंगाचा कॅन्सर आपल्याकडे होतो आणि पुरुष लाजेपायी तो फार उशिरा दाखवतात. याच विषाणूनं गुदद्वाराचा, बाईच्या बाहेरच्या जागेचा आणि घशातल्या टॉन्सिलच्या भागाचा कॅन्सरही होऊ शकतो. आपल्याकडच्या तोंडाच्या कॅन्सरमागं मात्र बहुतेक तंबाखू आणि गुटखाच आहे, त्याचं खापर विषाणूवर फोडायला नको. निरोधनं लागण कमी होते, पूर्ण थांबत नाही, कारण निरोधानं न झाकलेल्या कातडीतूनही हा जातो. उपचार होईपर्यंत वापरलात तर चांगलंच.

सांगायचं कसं? भांडणाच्या वेळी नाही, आणि दारू घेतलेल्या रात्री तर अजिबात नाही. दिवसा, पोरं बाहेर असताना. मी असं म्हणेन : "अहो, शिबिरातला कागद आलाय. पिशवीच्या तोंडाला इन्फेक्शन हाय म्हणतेत. शंभरात दहा बायांना निघतंय. दुर्बिणीतून बघायला जायचंय, तुम्ही संगं चला." यात एकही शब्द खोटा नाही. कुठून आलं, हा प्रश्न आलाच तर मी वर लिहिलंय ते वाचायला द्या, किंवा दवाखान्यात डॉक्टरकडून ऐकू द्या. नवऱ्याला बायकोपेक्षा पांढऱ्या कोटाचं पटतं, आणि अशा वेळी त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही. तो हात उगारेल अशी भीती असेल तर एकटीनं सांगू नका. आशाताई किंवा आई-भाऊ सोबत असू द्या, आणि १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवा.

राहिली मुलगी. तिला लस द्याच. तेरा हे अगदी योग्य वय आहे. ही लस झालेली लागण घालवत नाही, होऊ घातलेली अडवते, म्हणून ती शरीरसंबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी घ्यायची असते. तुमच्या स्वतःच्या पॉझिटिव्हवर तिचा उपयोग नाही, त्यामुळे कुणी तुम्हालाच ती विकायला लागलं तर पैसे घालवू नका. मुलीला सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतेय का, हे आधी शाळेत आणि आरोग्य केंद्रात विचारा. बाजारात पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आहे आणि परदेशी लसही मिळते. पंधराच्या आतल्या मुलीला खासगी दवाखान्यात सहसा दोन डोस देतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये नऊ ते वीस वयासाठी एक डोसही चालतो असं मान्य केलं. त्या निर्णयामागंही आपल्याच देशातल्या मुली आहेत, आणि त्यांच्यात बार्शीकडच्याही.

जाऊबाईंना वांझपणाची भीती वाटते ती कुठून आली तेही सांगते. २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात मुलींना ही लस देण्याचा एक प्रकल्प चालू होता. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि देशभर गदारोळ उठला. चौकशीत त्या मृत्यूंची कारणं विहिरीत बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक, ताप अशी निघाली. लसीशी संबंध सापडला नाही. पण आई-बापांना न विचारता वसतिगृहाच्या वॉर्डननी संमतीच्या कागदांवर सह्या केल्या होत्या, हे मात्र खरं निघालं, आणि त्याबद्दल संसदेच्या समितीनं खडसावलं. तेव्हाची ती अढी लोकांच्या मनात राहून गेली. मूल न होण्याशी या लसीचा काही संबंध आढळलेला नाही, आणि ती कितीतरी देशांत आता पंधरा-वीस वर्षं दिली जातेय. इंग्लंडात २००८ पासून देतात. ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी दिली गेली, त्यांच्यात पुढं हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झालेला २०२१ मध्ये दिसला. दंड दुखतो, कधी कणकण येते, काही मुलींना सुई बघूनच चक्कर येते, म्हणून सकाळी खाऊन पाठवा आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. संमतीचा कागद स्वतः वाचून सही करा.

आणि एक न विचारलेलं बोलते. तुम्ही दोघं कोयत्यावर गेलात की तेरा वर्षांची पोर मागं आजीजवळ राहणार, आणि वर्ष-दोन वर्षांत कुणीतरी म्हणणार, वयात आलीय, उरकून टाका. कमी वयात लग्न, कमी वयात संबंध आणि पाठोपाठ बाळंतपणं यांनी या कॅन्सरचा धोका वाढतो. लस दिली आणि पंधराव्या वर्षी लग्न लावलं, तर एका हातानं दिलं ते दुसऱ्या हातानं काढून घेतलं. तिला शिकू द्या. तिशी ओलांडली की तिनंही तपासणी करायची आहे, कारण लस सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

त्या जाऊबाईंचं वय तिशीच्या पुढं असेलच. त्यांनाही तुमच्यासोबत तपासणीला न्या. भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार त्यानं जातात. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही त्यांना किंवा सासूबाईंना असेल तर शिबिराची वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

कोल्पोस्कोपी झाली की मला पुन्हा लिहा. नाव-गाव झाकलंत तरी चालेल, पण विषाणूचा नंबर आणि तुकड्याचा निकाल जसा छापलाय तसा उतरवून पाठवा. आणि त्या तालुक्याच्या डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशनची तारीख विचारली, तर त्यांना एवढंच विचारा की तुकड्याचा रिपोर्ट कुठं आहे.